रानडुक्कर ‘कायदेशीर’ झालं म्हणे!

घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: गोव्यात आता युरोपच्या धर्तीवर जंगली शिकारीचं उंची जेवण मिळतं. सरकारनेच रानडुक्कर उपद्रवी ठरवल्यामुळे ते खाणं कायदेशीर. रानातलं मांस इंजेक्शनविना, म्हणून शुद्ध. पावसातलं ‘जंपिंग चिकन’ (म्हणजे बेडकाचे पाय) तर गोव्याची परंपराच. आणि यातून म्हणे जंगल वाचतं. शेवटी टीप: ‘मेनूकार्डावर नसतं, वेटरला हळूच विचारा.’ रेस्टॉरंटचं नाव मात्र कुठेही नाही. मी दुर्लक्ष केलं असतं, पण पुण्याच्या भाच्याचा फोन आला: ‘मामा, लग्नाच्या वाढदिवसाला येतोय, तिथं टेबल सांगून ठेव ना.’

आधी ते ‘कायदेशीर’ बघू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा, म्हणजे त्याच्या शिकारीवरची बंदी उठवायचा, अधिकार केंद्राला आहे. उत्तराखंडात 2016 मध्ये रानडुकराबाबत तशी अधिसूचना निघाली होती, तीही ठराविक भागापुरती आणि वर्षभरासाठी. गोव्यात मागणी जुनीच आहे, पण मागणी म्हणजे अधिसूचना नव्हे. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायची परवानगी कलम 11 खाली मिळू शकते, हे खरं. पण कलम 39 म्हणतं की असं मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं. जे शेतकऱ्याचंसुद्धा होत नाही, ते शेफच्या कढईत कुठून येणार?

आणि कलम 44 तर जणू हा मेसेज समोर ठेवूनच लिहिलंय. परवान्याशिवाय खाणावळीत वन्य प्राण्याचं मांस शिजवायला किंवा वाढायला बंदी. खाणावळ म्हणजे काय, तेही तिथंच सांगितलंय: हॉटेल, रेस्टॉरंट, पैसे घेऊन खायला घालणारी कुठलीही जागा, मग त्या पदार्थाचे पैसे वेगळे लावा नाहीतर खोलीच्या भाड्यात धरा. ‘शेफकडून खास तुमच्यासाठी’ ही पळवाटही बंद.

पण मला सगळ्यात चीड आली ती ‘जंगल वाचतं’ याची. गोव्याच्या सत्तरी, सांगे तालुक्यांत ही शिकार कशी होते, हे लिहिणाऱ्याने कधी पाहिलंय? स्कूटरच्या क्लचची जुनी केबल घेतात, तिचा फास करून डुकराच्या वाटेवर झुडपाच्या बुंध्याला बांधतात आणि घरी जातात. त्यात डुक्कर अडकेल, भेकर अडकेल नाहीतर बिबट्या. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे सापडल्याच्या बातम्या गोव्यात येतच असतात. जनावर सुटायला जितकं ओढतं तितकी तार कमरेत रुतते. म्हादईच्या जंगलात वाघ आहे (2020 च्या जानेवारीत तिथं चार वाघ विष घालून मारले, विसरलो नाही ना?), त्याने खायचं काय? मेरू (सांबर) आणि डुक्करच ना?

युरोपचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्कॉटलंडमध्ये लांडगे कधीच संपले, हरणं बेसुमार वाढली, म्हणून तिथं मोजून मारतात आणि ते मांस उघडपणे विकतात. जर्मनीत रानडुकराचं मांस ट्रायकिनेला या कृमीसाठी तपासल्याशिवाय विकता येत नाही. म्हणजे गणना आहे, परवाना आहे, तपासणी आहे. आपल्याकडे यातलं काय आहे? रात्री मागच्या दाराने आलेली प्लॅस्टिकची पिशवी. ‘शुद्ध’ मांसाचं उत्तरही यातच आलं.

डुकरं कणगीचे कंद, सुरण, भात उकरून टाकतात, शेतकरी रडकुंडीला येतो, हेही खोटं नाही. त्याला भरपाई हवी, कुंपण हवं. आसगावच्या बंगल्यात कुणी वाइनबरोबर डुक्कर खाल्लं म्हणून सत्तरीच्या केरी गावातलं शेत वाचत नाही.

राहिलं जंपिंग चिकन. बेडकाचे पाय परदेशी पाठवायला भारताने 1987 मध्येच बंदी घातली, कारण शेतातले किडे खाणारा प्राणी आपण डब्यात भरून विकत होतो. मोठा बेडूक पहिल्या पावसात अंडी घालायला बाहेर पडतो, नेमका तेव्हाच टॉर्चच्या उजेडात पोत्यात जातो. पूर्वी लोक खात, नाकारत नाही. पण आज तो मारणं गुन्हा आहे आणि वन खातं पावसाळा आला की तेच बजावतं.

भाच्याला एवढंच सांगितलं: कायद्याला मान्य असलेला पदार्थ हळू आवाजात मागावा लागत नाही. शिवाय कलम 57 वाच. वन्य प्राण्याचं मांस तुझ्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुझी, वेटरची नव्हे.