हिंगात पीठ असतं, ती भेसळ नव्हे

आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘डबीतल्या हिंगात मैदा असतो, ही भेसळ आहे, शुद्ध खडा हिंगच घ्या.’ हे चुकीचं आहे. डबीत मिळतो तो बांधानी हिंग. त्यात खाण्याचा डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळायला अन्नसुरक्षा नियमांत परवानगी आहे आणि घटक डबीवर छापलेले असतात. निव्वळ हिंग इतका उग्र की चिमूटभराने आमटी कडवट होते, शिवाय तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराणमधून येतो, म्हणून महाग. महिन्याच्या किराण्यात तो बसवण्यासाठी कुणी तूरडाळ कमी करू नये.

चव ठरते फोडणीत. तेल तापलं की मोहरी तडतडू द्या, आच मंद करा, हिंग घाला, फसफसला की लगेच डाळ. हिंगाचा वास तेलात उतरतो. वरून पाण्यात टाकलेला हिंग बराचसा वाया जातो. लालबागला मसाले घ्यायला गेलात तरी छोटी डबीच घ्या, उघडल्यावर वास उडत जातो.

मैद्याबाबत एक काळजी मात्र खरी: गहू चालत नसलेल्यांनी तांदळाच्या पिठाचा हिंग बघून घ्यावा.