डब्याच्या टेबलावरून उठायचं कारण नाही

गेल्या महिन्यात चर्चमधली रविवारची भक्ती सुटल्यावर आमच्या मंडळीतल्या एका आईनं मला बाजूला घेतलं. मुलगा २३ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला लागून सहा महिने झालेले. "तो ऑफिसात एकटाच डबा खातो," त्या म्हणाल्या. "आधी सगळ्यांबरोबर बसायचा. तो मेसेज आल्यापासून बसत नाही."

तो मेसेज मला चार गटांतून आलाय, तुम्हालाही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नोकरीच्या ठिकाणी विश्वासणाऱ्यानं, म्हणजे ख्रिस्ती माणसानं, अविश्वासणाऱ्यांशी कामापुरतंच बोलावं. त्यांचा सल्ला घेऊ नये, कारण बायबलातलं पहिलं स्तोत्र तो मना करतं. मैत्री करू नये, कारण २ करिंथ ६:१४, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला दुसरं पत्र, सांगतं की अविश्वासणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका. कुसंगतीनं नीती बिघडते. मैत्री करायचीच तर फक्त साक्ष देण्यासाठी, म्हणजे ख्रिस्ताविषयी सांगण्यासाठी. अडचण आली तर मंडळीतल्याच माणसाला विचारावं, कारण तोच सल्ला सुरक्षित.

मी पाळक नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत क्वालिटी खात्यात आयुष्य गेलं, आणि रविवारी तरुण संघाला वचन शिकवतो. हा मेसेज वाचून मला राग आला, तो देववचनाचं नाव घेऊन देववचनाच्या उलट सांगितलं म्हणून. एकेक मुद्दा घेतो.

पहिलं स्तोत्र आधी. 'दुर्जनांच्या मसलतीने चालत नाही' तो धन्य, असं तिथे लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्यानं 'दुर्जन' खोडून तिथे 'अविश्वासी' बसवलं आणि पुढे निघून गेला. स्तोत्रांमधला दुर्जन कोण, हे स्तोत्रांनाच विचारा. पन्नासावं स्तोत्र काढा, १६व्या ओवीपासून वाचा. तिथला दुर्जन देवाचे नियम तोंडपाठ म्हणतो, करार त्याच्या ओठांवर आहे. आणि चोर दिसला की त्याला सामील होतो, भावाविरुद्ध बोलतो. तो परका नाही, मूर्तिपूजक नाही. उपासनेत पुढच्या रांगेत बसणारा आहे! दुर्जन ठरतो तो वागण्यावरून, आणि मसलत म्हणजे वाकडं काम करायला बसून आखलेला बेत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना 'पीएफ ट्रान्सफर कसा करू?' असं विचारणं ही दुर्जनांची मसलत होत नाही.

देवाच्या माणसांनी बाहेरच्यांचा सल्ला घेतल्याची उदाहरणं तर पानोपानी आहेत. निर्गमाच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय, लोक रांगेत ताटकळताहेत. मिद्यानाचा याजक असलेला त्याचा सासरा इथ्रो ते बघतो आणि सरळ सांगतो, हे बरं नाही, तू झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, लहान तंटे त्यांना सोडवू दे. मोशेनं तसंच केलं. ज्यानं देवाशी समोरासमोर बोलणं केलं, त्याला कामाची वाटणी सासऱ्यानं शिकवली. कोणी म्हणेल, इथ्रोनं त्याआधीच परमेश्वराची थोरवी मान्य केली होती. खरंय, ११व्या ओवीत आहे. म्हणून दुसरं उदाहरण देतो, त्यात ही पळवाट नाही.

इफिस शहर. देमेत्रिय नावाचा चांदीचं काम करणारा कारागीर धंदा बुडेल म्हणून लोकांना पेटवतो, जमाव नाट्यगृहात घुसतो, अर्तमी देवीच्या नावानं दोन तास आरोळ्या चालतात. पौलाला आत जायचंय. शिष्य अडवतात. आणि प्रेषितांची कृत्ये १९:३१ सांगतं की आशिया प्रांतातले काही अधिकारी, जे पौलाचे मित्र होते, त्यांनीही निरोप धाडून विनवलं, नाट्यगृहात पाऊल टाकू नकोस. हे अधिकारी कोण? प्रांतातले श्रीमंत, मानाचे लोक. सम्राटाच्या पूजेचे सोहळे आणि खेळ भरवणं अशी कामं या वर्गाकडे असत. हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांना पौलाचे 'मित्र' म्हणतो. पौल त्या दिवशी नाट्यगृहात गेला नाही.

आता २ करिंथ ६:१४. मराठीत आपण वाचतो, 'विजोड होऊ नका'. मूळ चित्र जुवाचं आहे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात २२:१० मध्ये बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नका अशी आज्ञा आहे, तीच इथे डोळ्यांसमोर येते. नांगर धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जूं मानेवर असलं की एकानं वळलं तर दुसऱ्याला वळावंच लागतं. लग्नाला हे लागू होतं, तुमच्या विवेकाला बांधून टाकणाऱ्या भागीदारीला लागू होतं, आणि मूर्तीच्या उपासनेत भाग घेण्याला तर तिथे पौल स्वतःच लावतो. हे सगळं मी मानतो. पण शेजारच्या शेतात नांगरणाऱ्याशी बांधावर बसून भाकरी खाणं म्हणजे जूं नव्हे.

हे मी मनानं सांगत नाही. त्याच करिंथच्या मंडळीनं पौलाच्या आधीच्या पत्राचा नेमका असाच अर्थ काढला होता, आणि पौलाला तो दुरुस्त करावा लागला. १ करिंथ ५:९ ते ११ वाचा. तो म्हणतो, संगत धरू नका असं मी लिहिलं ते या जगातल्या जारकर्म्यांविषयी, लोभ्यांविषयी, मूर्तिपूजकांविषयी नव्हे. तसं असतं तर तुम्हाला जगातून निघूनच जावं लागलं असतं. मी म्हटलं ते स्वतःला बंधू म्हणवून असं वागणाऱ्याविषयी. मेसेजानं हे बरोबर उलटं केलंय: बाहेरच्यापासून लांब राहा, आतल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. पुढे १०:२७ मध्ये तर पौल गृहीतच धरतो की अविश्वासी माणूस तुम्हाला जेवायला बोलावेल, आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, असं सांगतो.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशिनींची पूजा होते. झेंडूची तोरणं, लेथवर हळदकुंकू, मग पेढे. पहिल्या वर्षी मी अवघडून दाराशी उभा होतो. खात्यातले एक वारकरी सहकारी, गळ्यात माळ, आषाढात रजा टाकणारे, माझ्यापाशी आले आणि कागदात गुंडाळलेले दोन पेढे हातात ठेवले. "हे नैवेद्याच्या आधीच बाजूला काढलेत," म्हणाले. "तुम्हाला चालतील." मी त्यांना माझ्या विश्वासाबद्दल काहीही समजावून सांगितलं नव्हतं. काही महिने शेजारी बसून डबा खाल्ल्यावर त्यांना ते कळलं होतं.

'कुसंगतीने नीती बिघडते' हे १ करिंथ १५:३३. फार सांगत नाही, दोनच गोष्टी. तो अध्याय मृतांच्या पुनरुत्थानाचा आहे, आणि 'पुनरुत्थान नाही' म्हणणारे लोक मंडळीतलेच होते. १२व्या ओवीत 'तुमच्यापैकी काही जण' असं स्पष्ट लिहिलंय. आणि ती ओळ ग्रीक नाटककार मिनांदर याच्या नावावर आहे. अविश्वासणाऱ्यांचं ऐकू नका हे सिद्ध करायला मेसेजानं एका अविश्वासी नाटककाराचं वाक्य वापरलंय, कारण पौलाला ते घ्यायला संकोच वाटला नव्हता.

फक्त साक्ष देण्यासाठी मैत्री करा, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. साक्ष द्यावी, मीही देतो. पण ज्याच्याशी आपण हसतो-बोलतो त्याला कळलं की हे सगळं गळाला लावलेलं आमिष होतं, तर त्याला काय वाटेल? योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू विहिरीपाशी दमून बसलाय आणि शोमरोनी बाईशी त्याचं पहिलं बोलणं आहे, मला प्यायला पाणी दे. आधी त्यानं मागितलं. ज्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत, त्यांच्यातल्या बाईसमोर त्यानं हात पुढे केला. सल्ला मागणं हेही हात पुढे करणंच आहे. ज्याला आपण कधीच काही विचारत नाही, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानत नाही.

आपल्या मातीतलं सांगायचं तर पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेली ही बाई १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन ही शाळा उघडते आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हिंदू सुधारकांना सल्लागार म्हणून बरोबर घेते. १८९३ मध्ये मुलींच्या धर्माच्या प्रश्नावरून ते बाजूला झाले, हे लपवायचं कारण नाही. पण सदन उभं राहिलं ते त्या चार वर्षांत. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाल्या.

राहिला शेवटचा मुद्दा, मंडळीतल्या माणसाचा सल्ला सुरक्षित. रहबाम राजाचं राज्य फुटलं ते बरोबर वाढलेल्या स्वतःच्याच सोबत्यांच्या सल्ल्यानं (१ राजे १२). ईयोबाचे मित्र देवाविषयी अध्यायच्या अध्याय बोलले, आणि शेवटी देव म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

माझं स्वतःचं सांगतो. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एक लॉट संध्याकाळी निघायचा होता आणि बोअरची, म्हणजे आतल्या भोकांची, मापं घ्यायची राहिली होती. साहेबांनी भरलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट पुढे ठेवला, सगळे आकडे लिहिलेले, फक्त सही नव्हती. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन मंडळीतल्या एका वडिलांना (एल्डरांना) फोन केला. त्यांना माझ्या नोकरीची काळजी होती, घरी बायको गरोदर होती हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "वरिष्ठांच्या अधीन राहा. रोमकरांस १३. सही तुझी, जबाबदारी त्यांची."

परत आलो तर ते वारकरी सहकारी मायक्रोमीटर पुसत बसले होते. त्यांना विचारलं. त्यांनी वर पाहिलंही नाही. "जे मोजलं नाही त्यावर सही करायची नाही," म्हणाले. "चला, मी थांबतो तुमच्याबरोबर. मोजून टाकू."

रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघं मोजत होतो. ते माप सांगायचे, मी लिहायचो. ११ नग मापाबाहेर निघाले. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी भक्तीनंतर मी त्या वडिलांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ चपलांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं रे. त्या माणसाला माझा नमस्कार सांग."

सोमवारी डबा उघडताना मी तो सांगितला.