गुणी मुले आणि धोक्याचे वागणे

पौगंडावस्थेतील मुलांची आपण मनातल्या मनात वाटणी करून टाकतो: काही गुणी, उरलेली वाया गेलेली. त्यामुळे अभ्यासात पुढे असलेल्या, धाकट्या भावाची शिकवणी मन लावून घेणाऱ्या मुलाच्या दप्तरात सिगारेटचे पाकीट सापडले, की घरचे हादरतात ते सिगारेटपेक्षाही ही वाटणी कोसळल्यामुळे, असे मला वाटते. मग 'आमचा तसा नाही हो, संगत वाईट' हे ठरलेले वाक्य येते.

अमेरिकेत रिचर्ड लर्नर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पाचवीच्या मुलांपासून सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात क्षमता, आत्मविश्वास, जिव्हाळ्याची नाती, चारित्र्य आणि आस्था यांची वाढ वर्षानुवर्षे तपासली गेली. गुण वाढले की धोके आपोआप घटतात, हे सरळ समीकरण तेथे टिकले नाही. काही मुलांमध्ये दोन्ही एकाच वेळी वाढत होते. जॅकलिन एकल्स आणि बॉनी बार्बर यांचा १९९९ मधील निष्कर्ष त्याहून बोलका आहे. सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांना शाळेची ओढ अधिक होती, परीक्षेतले गुणही चांगले होते आणि दारू पिण्याचे प्रमाणही जास्त होते.

मला यात विसंगती दिसत नाही. ज्या संघात मूल हार पचवायला आणि सहकाऱ्याला सांभाळून घ्यायला शिकते, त्याच संघाच्या जल्लोषात पुढे आलेला पेला नाकारणे त्याला सर्वांत जड जाते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधील प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात, मित्र शेजारी असताना १३ ते १६ वयाची मुले एकटी असतानापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करत. २४ वर्षांपुढील प्रौढांवर मात्र मित्रांच्या उपस्थितीचा फारसा परिणाम झाला नाही. (आपण 'संगत' म्हणतो ती वाईटच असावी लागते असे नाही, हे यातून कळावे.)

'वयच तसे आहे' म्हणून हात झटकणेही मला मान्य नाही, कारण पिऊन गाडी चालवण्याची एक रात्र पुरते. अशा वेळी गाडीची किल्ली काढून घ्यावी, परतण्याची वेळ ठरवून द्यावी. माझा आक्षेप आहे तो 'उद्यापासून खेळ बंद' या सर्रास दिल्या जाणाऱ्या शिक्षेला. तिने सिगारेट सुटत नाही, सुटतो तो प्रशिक्षक, आणि घराबाहेर त्या मुलाला रोज पाहणारा मोठा माणूस बहुधा तोच असतो.