एक ब्रास वाळू, हजार लिटर पाणी

एप्रिल उजाडला की मराठवाड्यातल्या टँकरचे आकडे बातम्यांत येऊ लागतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेलं वाक्यही येतं: "असंच चाललं तर आपला सोमालिया व्हायला वेळ लागणार नाही." पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हे वाक्य दरवर्षी वाचावं लागतं. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आफ्रिका म्हणजे शेवटची पायरी, तिथून शिकण्यासारखं काही नाही, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. म्हणून सोमालियाच्या शेजारच्या केनियातल्या उकांबानीबद्दल थोडं लिहितो. तिथला पाणीप्रश्न सुटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उकांबानी म्हणजे कांबा लोकांचा मुलूख. नैरोबीच्या पूर्वेला आणि आग्नेयेला मचाकोस, किटुई आणि मकुएनी हे तीन जिल्हे. इथला शब्द काउंटी. पावसाचे हंगाम दोन, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातला दुसराच जरा भरवशाचा. बऱ्याच भागात वर्षाचा एकूण पाऊस ५०० ते ८०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटाव, आष्टी-पाटोद्याच्या आसपासचा. नद्या वर्षातून मोजके दिवस वाहतात. बाकीचे दिवस नदी म्हणजे वाळूचा रुंद पट्टा आणि त्यात बायकांनी उकरलेले झिरे. झिऱ्याभोवती गुरांनी तोंड घालू नये म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण. दुष्काळ वाढेल तसा झिरा खोल जातो आणि पाण्याची रांग लांबते.

या झिऱ्यांवरच तिथला उपाय उभा राहिला. नदीच्या पात्रात खडकापर्यंत पाया खणायचा, त्यावर दगड-सिमेंटची आडवी भिंत घालायची आणि पुरासोबत येणारी वाळू भिंतीमागे साठू द्यायची. हा वाळूचा बंधारा; पाणी त्या वाळूतच साठतं. दोन-चार हंगामांत पात्र काठोकाठ वाळूनं भरतं. आपल्याकडे बंधारा गाळानं भरला की तो मेला म्हणतात. इथे बंधारा भरला की तो कामाला लागला म्हणतात. अट एकच, जे भरलं ते वाळू असावं, गाळ नव्हे.

कल्पना ब्रिटिश काळापासूनची आहे. तिला चळवळीचं रूप देणाऱ्यांत मचाकोसच्या उतूनी गावाचे जोशुआ मुकुस्या यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९७८ मध्ये त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन बचत गटासारखा एक गट उभा केला. कांबा समाजात एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनं राबण्याची जुनी रीत आहे, तिला म्वेथ्या म्हणतात. आपल्या इर्जिकीची बहीणच. मुकुस्यांनी ती बंधाऱ्याच्या कामाला जुंपली. दगड, वाळू, पाणी आणि श्रम गावाचे. सिमेंट, लोखंड आणि गवंडी बाहेरून. पुढे किटुईत सायरस मुटिसो यांच्या पुढाकारानं ससोल या संस्थेनं असे शेकडो बंधारे बांधले आणि तेही सुटे सुटे न बांधता एकाच नदीवर एकाखाली एक, साखळीनं. सुटा बंधारा आजूबाजूच्या काठांची भूजलपातळी फारशी उचलत नाही. साखळी उचलते.

हिशेब सोपा आहे आणि महाराष्ट्रात तो फारसं कुणी करत नाही. जाड वाळूच्या कणांमध्ये पोकळी भरपूर असते आणि वाळूच्या घनफळाच्या साधारण ३५ टक्के पाणी काढून घेता येतं. मध्यम वाळूतून २५ टक्के, बारीक वाळूतून १९ च्या आसपास आणि गाळातून जेमतेम ५ टक्के. गाळातही पाणी मावतं, पण तो ते सोडत नाही. आता आपलं माप घ्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. त्याचे ३५ टक्के काढले की जवळपास हजार लिटर होतात. पाच ब्रासची एक हायवा, म्हणजे मोठा डंपर, पात्रातून गेली की पाच हजार लिटरची टाकी गेली. दोन हायवा म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. आणि ही टाकी एकदाच भरत नाही, दर पावसाळ्यात भरते. वर झाकणही असतं: वाळूच्या पृष्ठभागाखाली साधारण ६० सेंटिमीटरवर बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, डास होत नाहीत, गुरांना पाण्यात उतरता येत नाही. शेततळ्यात प्लास्टिक अंथरून, वर बोअरचं पाणी भरून ते उन्हाला दाखवत ठेवण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं आहे, ते सांगायला नको.

२०२३ च्या वाळू धोरणात आपल्या सरकारनं ब्रासला ६०० रुपये दर ठरवला होता. घर बांधणाऱ्याला वाळू स्वस्त मिळावी, हा त्यामागचा विचार. वाद झाला तो डेपो, ऑनलाइन नोंदणी आणि वाहतूकखर्च यांवर. त्या ६०० रुपयांत पाण्याचा पैसा धरला आहे का, हा प्रश्न चर्चेत फारसा आला नाही.

बंधारे फसतातही, आणि ते का फसतात हे उकांबानीतले गवंडी अभियंत्यांपेक्षा नेमकं सांगतात. पहिलं कारण घाई. भिंत एका दमात पूर्ण उंचीची बांधली की पुराचं पाणी मागे तुंबतं, संथ होतं आणि सोबतचा बारीक गाळ खाली बसतो. मग वर कितीही वाळू आली तरी तळाशी चिखलाचा थर कायमचा. म्हणून सांडव्याची, म्हणजे पूर जिथून ओलांडतो त्या मधल्या भागाची, उंची टप्प्याटप्प्यानं, एका वेळी ३० ते ५० सेंटिमीटर वाढवायची. पूर वरून उडी मारून जातो, हलका गाळ सोबत नेतो आणि जड वाळू मागे टाकतो. तेवढा टप्पा वाळूनं भरला की पुढचा थर. यात दोन-तीन वर्षं जातात. देणगीदाराला एका आर्थिक वर्षात फोटो हवा असतो. गावालाही जमलेली माणसं पुन्हा गोळा करणं जड जातं. म्हणून एका दमात बांधलेल्या भिंती इथेही पुष्कळ आहेत आणि त्यावर जाणत्यांमध्ये अजून वाद चालतो. आमचं मत टप्प्यांच्या बाजूचं आहे.

दुसरं कारण काठ. भिंतीचे दोन्ही पंख काठाच्या आत, पुराच्या रेषेच्याही पलीकडे न्यावे लागतात. तिथे चार पोती सिमेंट वाचवलं की पाणी बगलेनं वाट काढतं आणि पुढच्या हंगामात नदी भिंतीला वळसा घालून वाहू लागते. भिंत शाबूत, नदी शेजारून. सांडवा मध्यभागी आणि खालच्या बाजूला मोठ्या दगडांचा थर हवा. तो नसला तर पडणारं पाणी पाया उकरतं. तिसरं कारण जागा. खडकात भेग असली तर वाळू भरते, पाणी थांबत नाही. गुरं जिथे खडक चाटतात तिथे क्षार असतात, म्हणजे पाणी मचूळ निघणार. उलट पाऊस संपून दोन-तीन महिने झाले तरी जिथला झिरा आटत नाही, ती जागा नदीनंच दाखवून दिलेली असते. चौथं कारण वरचं पाणलोट. उतारावर बांध नसतील तर येतो तो गाळच. म्हणून बंधाऱ्याआधी फान्या जू. स्वाहिलीत याचा अर्थ "वर फेक". समपातळीत चर खणायचा आणि माती उताराच्या वरच्या बाजूला टाकायची, म्हणजे पावसागणिक पायरी आपोआप तयार होते. ब्रिटिशांनी सक्तीनं मजुरी करवून उतारांवर बांध घालून घेतले तेव्हा कांबांनी त्याचा राग धरला होता. पुढे त्याच उतारांवर त्यांनी आपणहून चर खणले.

मात्र उत्तम बंधाऱ्यालाही एक शत्रू आहे आणि तो पुरासोबत येत नाही. नैरोबीत इमारती उठत आहेत आणि त्यांना लागणारी वाळू याच नद्यांतून येते. रात्री ट्रक लागतात, गावातली बेकार पोरं फावड्यानं भरून देतात. या वाळूपायी उकांबानीत खूनही पडले आहेत. आपल्याकडे तहसीलदाराच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मकुएनीनं २०१५ मध्ये वाळूसाठी स्वतःचा कायदा केला. २०१० च्या राज्यघटनेनं केनियात ४७ काउंट्या केल्या, २०१३ पासून त्यांना निवडलेला गव्हर्नर, विधिमंडळ आणि राष्ट्रीय महसुलातला वाटा मिळाला, म्हणून हे शक्य झालं. आपल्या जिल्हा परिषदेला असा कायदा करण्याचा अधिकारच नाही. मकुएनीच्या कायद्यानं वाळूसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं, खाली स्थानिक समित्या नेमल्या आणि विक्रीसाठी जिल्ह्याबाहेर वाळू नेण्यावर बंदी घातली. चोरी संपली असं मुळीच नाही. पण चोरीला चोरी म्हणण्याचा अधिकार गावाजवळ आला.

पहिले गव्हर्नर किवुथा किब्वाना हे पेशानं कायद्याचे प्राध्यापक, २०१३ ते २०२२ या पदावर. त्यांची सर्वांत उपयोगी गोष्ट वाळूचा कायदा नव्हे, एक सही आहे. रस्ता असो, दवाखाना असो की बंधारा, लाभार्थी गावानं बराझात, म्हणजे खुल्या सभेत, एक प्रकल्प समिती निवडायची. कामाचं अंदाजपत्रक तिच्या हातात द्यायचं: सिमेंटची पोती किती, सळई किती जाडीची, भिंत किती लांब. समितीनं काम पाहून सही केल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. सरकारी अभियंत्याचीही सही लागते, पण त्याची एकट्याची चालत नाही.

आपल्याकडे हे काम एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तिका, करते. शाखा अभियंता तिच्यात आकडे भरतो, वर सह्या होतात, बिल निघतं आणि कुणाची किती टक्केवारी हे गावात पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त कागदावर नसतं. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला, २०२० मध्ये कॅगनं भूजलपातळी वाढण्याबाबत ताशेरे ओढले, २०२३ पासून दुसरा टप्पा आला. वाद अजून तोच: योजना यशस्वी की फसवी? सत्तेत कोण आहे त्यावर उत्तर ठरतं. नाला खोल करताना मुरूम फोडून खडकाला हात लावला का, उकरलेली माती काठावरच ठेवली आणि ती पहिल्या पावसात परत आत गेली का, हे ज्या शिवारात घडलं तिथल्या शेतकऱ्याला विचारून बिल काढलं असतं, तर निम्मा वाद मिटला असता. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात ४५ दिवस गावं झपाटून राबली, ते खरं आणि मोठं होतं. म्वेथ्याला मात्र शेवटची तारीख नसते.

किब्वानांना ही सही फुकट पडली नाही. काउंटीच्या विधिमंडळाशी पैशावरून त्यांचं इतकं बिनसलं की प्रकरण काउंटी बरखास्त करण्याच्या मागणीपर्यंत गेलं. चौकशी आयोगानं तशी शिफारसही केली; राष्ट्राध्यक्षांनी २०१५ मध्ये ती नाकारली. समितीच्या सहीमुळे ज्यांचा वाटा जातो ते गप्प बसत नाहीत, हे आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी आधीच लक्षात घ्यावं. समितीत काम फुकट करावं लागतं, ही तक्रारही खरी आहे. आणि घटनेनं कुठल्याही समितीत एका लिंगाचे दोन तृतीयांशाहून जास्त सदस्य नसावेत असं सांगितलं असलं, तरी बायकांचं नाव आणि नवऱ्याचा आवाज हा प्रकार इथेही आहे. सरपंचपती हा शब्द स्वाहिलीत आहे की नाही ते सोडा.

आता जे मित्र "मग बांधूया मराठवाड्यात" म्हणतील त्यांना आवर घालायला हवा. उकांबानीचा खडक ग्रॅनाइटसारखा, नाइस नावाचा. तो झिजला की गारगोटीची जाड वाळू होते. आपला बेसॉल्ट झिजला की काळी माती होते. बीड-जालन्याच्या ओढ्यात अशी भिंत घातली तर तिच्यामागे चिखल साठेल, आणि त्यातून पाणी निघेल जेमतेम ५ टक्के. तिथे आपली भूजल सर्वेक्षण यंत्रणा बांधते ते भूमिगत बंधारे आणि नालाबांधच बरे. पण नांदेडची पूर्व बाजू, देगलूर-बिलोलीचा पट्टा, किनवटचा काही भाग आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोली इथे खडक ग्रॅनाइट-नाइसचा आहे. आणि तिथली वाळू मोठ्या प्रमाणावर उपसली जाते. बिलोलीच्या मांजरेची लाल रेती दूरवर विकली जाते, ती जाड आणि स्वच्छ असते म्हणूनच. म्हणजे सर्वांत जास्त पाणी देणारी वाळूच आपण विकतो. वाळूघाटाचा लिलाव ठरवताना ग्रामसभेची शिफारस घ्यायची, हे आपल्या धोरणांत येऊन गेलं आहे. त्या सभेत हजार लिटरचा आकडा कुणी मांडलेला नसतो.

तो मांडायला यंत्रणा लागत नाही. वीस लिटरचा एक डबा घ्या, तळाला भोक पाडून त्यात बूच बसवा. नदीच्या पात्रातली हातभर खालची वाळू डब्यात काठोकाठ भरा, वरची घेऊ नका, ती वाऱ्यानं धुतलेली असते. मापानं पाणी ओता, वर दिसेपर्यंत. तासभर थांबा. मग बूच काढून खाली घागर ठेवा आणि निथळलेलं पाणी मोजा. सात लिटरच्या जवळ निघालं तर ती वाळू ट्रकात भरायची नाही. चारच्या आसपास निघालं तर दोन ठिकाणी पुन्हा मोजा. लिटर-दीड लिटर निघालं तर तो गाळ आहे, खुशाल शेतात न्या.