ग्रामीण काउंटीची कमाई छातीठोकपणे कशी सांगावी

अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, गेल्या तीसेक वर्षांत घराघराची कमाई किती वाढली, हे तुम्हाला सांगायचंय ना? मग तिथल्या माणसांना मुळीच विचारू नका. ती मक्याच्या भावापासून सुरुवात करतात आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यावर येऊन अडकतात. आपल्याला हवी एक रेघ, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या 'फ्रेड' नावाच्या कोठारात ती आयती मिळते.

रेघ मिळाली की तिच्या नावातला 'अंदाज' हा शब्द तेवढा वाचू नका, झोप उडेल. हे आकडे जनगणना विभागाच्या 'सायपे' या कार्यक्रमातून येतात. छोट्या काउंटीतली इतकी थोडी घरं सर्वेक्षणात सापडतात की नुसत्या त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून प्राप्तिकराची विवरणपत्रं, आधीच्या जनगणनेचे आकडे असं सगळं जोडीला घेऊन मॉडेलमधून मध्यक, म्हणजे कमाईच्या क्रमाने लावलेल्या रांगेतल्या मधल्या घराची कमाई, काढतात. काढणारी मंडळी प्रामाणिक आहेत. प्रत्येक आकड्याशेजारी ९० टक्के खात्रीची खालची आणि वरची मर्यादा देतात. त्यांचा प्रामाणिकपणा त्यांना लखलाभ. तुम्ही एक्सेलमध्ये ते दोन रकाने निवडा, माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'हाइड' म्हणा. आकडा लगेच कसा ठाम दिसायला लागतो बघा.

मालिकेला सुरुवातीला भोकं आहेत, १९८९ नंतर थेट १९९३. मधली वर्षं पट्टीने जोडून टाका. २००५ पासून तर मॉडेलच्या पायाचं सर्वेक्षणच बदललं. तिथे रेघेने उडी मारली असेल तर सर्वेक्षणाचं नाव काढू नका, त्या सुमारास निवडून कोण आलं होतं ते शोधा. श्रेय द्यायचं की खापर फोडायचं, हे तुमच्या पक्षावर.

महागाई हा विषय टाळलेलाच बरा. समजा २००० साली मध्यक ३०,००० डॉलर होता आणि २०२० साली ४५,००० झाला. 'दीडपट!' असा मथळा द्या. त्या वीस वर्षांत अमेरिकेतला ग्राहक किंमत निर्देशांकही १७२ वरून २५९ वर, म्हणजे दीडपटच गेला, ही माहिती मथळ्यात मावत नाही.

देशाशी तुलना करताना मात्र चॉइस आहे. २०२३ साठी एकाच जनगणना विभागाचे दोन राष्ट्रीय मध्यक आहेत: एका सर्वेक्षणाचा ८०,६१० डॉलर, दुसऱ्याचा ७७,७१९. काउंटी बिचारी दाखवून अनुदान मागायचं असेल तर पहिला घ्या, गुंतवणूकदार बोलवायचे असतील तर दुसरा. दोन्ही अधिकृत आहेत, कुणाची बोलायची टाप नाही.

काउंटीची लोकसंख्या ६५,००० च्या आत असेल तर 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' तिचा पाच वर्षांचा एकत्रित आकडा देतो. २०१८ ते २०२२ चा एक, २०१९ ते २०२३ चा दुसरा. दोन्हींत चार वर्षं तीच आहेत. म्हणून काय झालं? 'वर्षभरात इतकी वाढ' असं बिनदिक्कत लिहा. आणि टेक्सासची लव्हिंग काउंटी विसरू नका. २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं होती. एवढ्या माणसांतल्या मोजक्या घरांवरून मध्यकाचा कल सांगायला खरी हिंमत लागते, आणि ती तुमच्यात आहे.

कधीकधी कुणालाही एक डॉलर जास्त न मिळता मध्यक वर जातो. कमी पगाराची तरुण पोरं काउंटी सोडून गेली की खालची घरं गळतात आणि मधलं घर आपोआप वर सरकतं. भाडं परवडेना म्हणून मुलगा आईबापांकडे परतला, तर दोन पगारांचं एक घर होतं आणि कागदावर तिघंही सुखी. या प्रकाराला 'ग्रामीण पुनरुत्थान' म्हणायचं. परिसंवादात चांगलं चालतं. तुरुंग उघडला तर बहारच! कैदी म्हणजे काही कुटुंब नव्हे, त्यामुळे कुटुंबाच्या मध्यकाला धक्का लागत नाही, पण दरडोई उत्पन्न काढताना तेच कैदी भागाकारात येतात. एक आकडा स्थिर, दुसरा खाली. व्याख्यानाला विषय मिळाला.

शेवटी तक्ते जोडायचे राहिले. २०१५ मध्ये साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचं नाव ओग्लाला लकोटा झालं आणि तिचा सांकेतिक क्रमांक ४६११३ चा ४६१०२ झाला. मूलनिवासींच्या पाइन रिज आरक्षित क्षेत्रातली ही काउंटी, देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी एक. जुना आणि नवा तक्ता डोळे मिटून क्रमांकावरून जोडलात की जिची दोन्हीकडे जोडी जुळत नाही ती काउंटी गाळली जाते आणि उरलेल्या राज्याचं चित्र थोडं उजळतं. संगणक चूक दाखवत नाही. तुम्हीही दाखवू नका, अहवाल छापायला गेलाय.