वरातीत वाजायचे असेल, तर नाव घरी ठेवून या

धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नाशिककडचा बागलाण एवढ्या मुलखात आपले अहिराणी गाणे प्रत्येक वरातीत वाजावे, अशी इच्छा धरून जे तरुण वहीच्या मागच्या पानावर यमके जुळवत बसतात, त्यांच्याविषयी मला फार जिव्हाळा वाटतो. इतरांनी गाजवावीत अशी गाणी लिहिण्यात मी पुष्कळ वर्षे घालवली आहेत आणि मला कोणीही ओळखत नाही. तेव्हा या विषयावर सल्ला देण्याचा माझा अधिकार वादातीत आहे.

कडव्यांवर जीव टाकू नका. डीजेवाला मुखडा दोनदा वाजवतो आणि पोरांचे हात वर गेले की पुढच्या गाण्याकडे वळतो. तिसऱ्या कडव्यात नवरीच्या मामाला रडवण्यासाठी मी एकदा तीन रात्री जागलो होतो; ते कडवे माझ्याखेरीज फक्त ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ऐकले असावे, आणि त्याचाही नाइलाज होता. त्यापेक्षा मुखड्यात गावे घाला. चोपडा, शिरपूर, अमळनेर, पारोळा अशी नावे आली की चार तालुके गाणे आपलेच समजून नाचतात. यावल राहून गेले म्हणून एकदा रुसवाफुगवा झाला होता, परंतु लोक भांडायला गेले ते गायकाच्या दारी, आणि अनामिक असण्याचे सुख काय असते ते मला त्या दिवशी समजले.

निर्मात्याशी मात्र नम्रपणे वागा. निर्माता म्हणजे बहुधा ज्याच्या वडिलांचा कापूस यंदा बऱ्या भावाने गेला आहे, असा तरुण. नायकही तोच असतो. केळीच्या बागेत चित्रीकरण होते, भाड्याची पांढरी गाडी येते, तापीच्या पुलावर ड्रोन उडतो आणि या सगळ्याचे पैसे रोख दिले जातात, कारण ड्रोनवाला उधारीवर ड्रोन उडवत नाही. उधारीवर उडते ते गाणे. "जिभाऊ, कापूस इकू दे, लगेच देसू," असे आश्वासन मिळाले की आपण मान डोलवावी. कोणत्या सालचा कापूस, हे विचारणे असभ्यपणाचे असते. पुढे यूट्यूबवर गाणे आले की खालचा मजकूर उघडून पाहा. गायक, नायक, नायिका, निर्माता, मंडपवाला, गाडी देणारे आप्पा, विशेष आभार म्हणून गावातले बावीस कार्यकर्ते, आणि त्यानंतर, ज्यासाठी आणखी एकदा बोट दाबावे लागते अशा ठिकाणी, गीतकार. माझ्या एका गाण्यात तिथे 'गीत : पारंपरिक' असे छापले होते. माझ्या हयातीतच मी परंपरा झालो, हा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

कायद्याच्या नादी तर मुळीच लागू नका, कारण कायदा दुर्दैवाने आपल्या बाजूचा आहे. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट; त्याचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ध्वनिमुद्रणातल्या गीताच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा त्याने स्वतः ठरवले तरी सोडता येऊ नये, अशी तरतूद झाली. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आपल्याकडे लेखी असे काही नसतेच. फोनपेवर दोन हजार येतात आणि त्यांच्यासोबत 'हिशेब पूर्ण' एवढे दोन शब्द. गाण्यावरचा हक्क आपल्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो, हे वाचून मला वाटले की जिवंतपणीच्या उधारीला ही मुदत पुरेशी आहे. त्यातून वरातीचे गाणे लिहिणाऱ्यांसाठी याच कायद्याने एक खास मेहेरबानी करून ठेवली आहे: लग्नाच्या वरातीत आणि लग्नासंबंधीच्या सोहळ्यांत गाणे वाजवले तर प्रताधिकाराचा भंग होत नाही. म्हणजे जिथे आपले गाणे वाजते, नेमके तिथेच ते फुकट आहे. गाणे आपले आणि गल्ला दुसऱ्याचा, असा हा व्यवहार समजा.

कोणी अमेरिकेतल्या डायन वॉरेन यांचे उदाहरण देईल. त्यांनी आयुष्यभर इतरांसाठी गाणी लिहिली, ऑस्करची नामांकने डझनाच्या वर गेली, आणि २०२२ मध्ये हाती आले ते मानद ऑस्कर. त्यांची चिकाटी अवश्य घ्या. आपल्या गाण्यांचे हक्क त्या स्वतःच्याच कंपनीकडे ठेवतात, हा अवगुण तेवढा घेऊ नका. खान्देशात अशा माणसाला पुढच्या लग्नसराईत कोणी बोलावणार नाही.

गायकाच्या चुका सुधारायला जाऊ नका, हे तर माझ्या अनुभवाचे सार आहे. हळदीच्या एका गाण्यात मी 'नवरीना डोया' असे लिहिले होते. डोया म्हणजे डोळे. आपल्याकडे ळ चा य होतो, हे खान्देशातल्या वाचकाला सांगायला नको. गायक बाहेरचा होता. व्हॉट्सॲपवर आलेल्या शब्दातली अक्षरे टंकताना गळाली असावीत, असा त्याने सद्भावाने समज करून घेतला आणि भर हळदीत नवरीचे डोहाळे गायिले. मी स्टुडिओत धावत गेलो, तोवर चित्रीकरणही उरकले होते. लेखकाच्या शब्दांची मोडतोड होऊन त्याच्या लौकिकाला बाधा येत असेल तर हक्क विकल्यावरही त्याला दाद मागता येते, असे प्रताधिकार कायद्याचे कलम ५७ म्हणते. पण लौकिक असावा लागतो ना! शिवाय ते गाणे डोहाळ्यांमुळेच चालले. वऱ्हाडातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत, आणि पोरे ती ओळ पुन्हा पुन्हा लावायला सांगत.

कवयित्री बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. मुलाने, सोपानदेवांनी, आईच्या ओव्या टिपून ठेवल्या, त्या १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि नाव आईचेच राहिले. घरात कोणी असे असेल तर वरचे सगळे सल्ले खुशाल रद्द समजा. माझ्या घरी दहा वर्षांचा भाचा आहे. गेल्या उन्हाळ्यात अमळनेरकडच्या एका वरातीत आम्ही दोघे घोड्यामागे चालत होतो, माझेच गाणे वाजत होते, आणि न राहवून मी पुटपुटलो, "नवरीना डोया..." त्याने माझा सदरा ओढला.

"मामा, डोया नही, डोहाळे!"

मग त्याने मला ती ओळ दोनदा नीट म्हणून दाखवली, आणि तिसऱ्या वेळी मला बरोबर जमल्यावर तो नाचायला पुढे निघून गेला.