दप्तर हा शब्द कुठला?

भाचीच्या शाळेत नाताळच्या कार्यक्रमावरून पालकांत जुंपली आणि ते लोण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. काका म्हणतात, धर्म घरात ठेवा, शाळेनं त्यात पडू नये. ताई म्हणते, सगळ्यांचे सण साजरे करा, मुलं आपोआप शिकतील. मी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये राहते आणि मला दोघांचंही पटत नाही.

या शहरात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वस्त्यांमध्ये अजून भिंती उभ्या आहेत आणि त्यांतले काही दरवाजे रात्री बंद होतात. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं गेली. १९९८ला शांतता करार झाला, पण मुलं बहुतेक आपापल्याच शाळांत जातात. १९८१मध्ये काही पालकांनी २८ मुलं घेऊन लॅगन कॉलेज ही दोन्हीकडच्या मुलांची एकत्र शाळा काढली, तीही सुरुवातीला सरकारी मदतीशिवाय. अशा शाळा आता बऱ्याच झाल्या, तरी दहातलं एक मूलही तिथे जात नाही.

ताईचा मार्ग इथे वापरून झाला आहे. नव्वदच्या दशकात परस्पर सामंजस्य अभ्यासक्रमात सक्तीचं झालं, दोन्हीकडच्या मुलांच्या एकत्र सहली निघाल्या. माझी शेजारीण तेव्हा शाळेत होती. ती सांगते, "बस एकच होती, पण आम्ही पुढे बसलो, ती मुलं मागे." सण साजरा करणं म्हणजे तशीच एक दिवसाची सहल.

मला आशा वाटते ती पूर्व बेलफास्टमधल्या आयरिश भाषेच्या वर्गांकडे पाहून. लिंडा अर्व्हाइन या प्रोटेस्टंट बाईंनी ते कडव्या ब्रिटिशनिष्ठ वस्तीत सुरू केले. आयरिश म्हणजे 'त्यांची', कॅथलिकांची भाषा, असं तिथे पक्कं मानलं जाई. पण प्रोटेस्टंटांच्या अभिमानाचा जो शँकिल रोड, त्याचं नावच आयरिश आहे, आणि त्याचा अर्थ जुनं चर्च. २०२१मध्ये याच कामातून निघालेल्या बालवाडीला समाजमाध्यमांवरच्या विरोधामुळे ठरलेली जागा सोडावी लागली. ती दुसरीकडे उघडली.

काका, संविधानाचं कलम २८ पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देऊ नका म्हणतं, हे खरंच. पण धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्येच सांगितलंय. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत अभंग लिहितात, इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स १६१६मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापतात. हे मुलांना पाहुण्यांची ओळख करून दिल्यासारखं का शिकवायचं? ते घरचंच आहे.

आणि भांडणही शिकवायला हवं. इथे हिंसाचाराचा इतिहास पंधरा-सोळाच्या मुलांना परीक्षेला घेता येतो. १९९२-९३च्या मुंबईच्या दंगलींत नऊशे माणसं मेली, हे श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलंय. त्यानंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. मुंब्र्यातलं आणि डोंबिवलीतलं मूल हे एकाच बाकावर बसून शिकू शकेल का, हा प्रश्न मला नाताळच्या कार्यक्रमापेक्षा फार मोठा वाटतो.

ताई, भाचीला एवढंच विचार: दप्तर आणि शाई हे शब्द कुठून आले? फारसीतून. आणि बाबांचा पगार? पोर्तुगिजांकडून. मग तिला पुढचे शब्द तिचे तिला शोधू दे.